मॉर्टिमरसाहेबाचा दगड

“हजार वर्षं झाली, पण आमच्या घराण्याचा धागा एकदाही तुटला नाही,” मॉर्टिमरसाहेबांनी पुन्हा सांगितलं आणि रीनाने पुन्हा त्याचं मराठी केलं.

मनिराम ढिवराने मान डोलावली. सकाळपासून तो मानच डोलावत होता. ओट्यावर बसून जाळं दुरुस्त करता करता त्याने निम्म्या इंग्लंडचा इतिहास ऐकून घेतला होता. जाळ्याच्या काठाला ओवायच्या शिशाच्या प्रत्येक मण्यावर तो पात्याने तीन खाचा पाडत होता.

“हे कशाला, काका?” रीनाने विचारलं.

“आमच्या घरची खूण हाय. पान्यात जाळी गुतली का कोनाचं कोन्तं, समजलं पायजे ना.”

रीना भंडाऱ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. दोन दिवस दुभाषी म्हणून या सत्तरीच्या पाहुण्याबरोबर फिरताना तिला त्याचं आडनाव तोंडपाठ झालं होतं. नॉर्मंडीत मॉर्टेमेर नावाचं एक गाव. नावाचा अर्थ मेलेलं, साचलेलं पाणी. तिथले सरदार राजा विल्यमच्या मागोमाग समुद्र ओलांडून इंग्लंडात गेले, त्यांनी जमिनी मिळवल्या, किल्ले बांधले आणि गावाचं नाव आडनाव होऊन बसलं. पुढे बऱ्याच शाखा बुडाल्या. आपली तेवढी बापाकडून मुलाकडे सरळ चालत आली, असं साहेबांचं म्हणणं. त्यावर ते पुस्तक लिहीत होते. मूलबाळ नव्हतं, तेव्हा पुस्तक हाच काय तो वारस. त्यात एकच पान भरायचं राहिलं होतं. पणजोबा एडमंड तलावांच्या दुरुस्तीच्या कामावर इकडे आले, तापाने गेले. त्याआधी थोडे दिवस आजोबा हेन्री इथेच जन्मले. पणजोबांचं थडगं सापडलं की पुस्तक पुरं होणार होतं.

“मेलेलं पानी?” मनिराम हसला. “मंग तं साहेब आमच्याच गावचे. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरनाच्या पान्यातच गेलं.”

गाव उठलं तेव्हा लोकांनी देव हलवले, दारं-चौकटी हलवल्या. मनिरामच्या घरच्यांनी साहेबाच्या थडग्यावरचा दगडही मासेमारीच्या डोंग्यात घालून आणला. चारचौघांनी वेड्यात काढलं, तरी आणला. पुनर्वसनातल्या नव्या घरी तो आता तुळशीशेजारी उभा होता. एडमंड मॉर्टिमर ही अक्षरं अजून वाचता येत होती. दगडाला शेंदूर नव्हता, फूल नव्हतं. पुढ्यात फक्त एका सुपात धानाचा कोंडा होता.

“माही पनजी त्यायच्या बंगल्यावर कामाले होती,” मनिराम म्हणाला. “नवं धान निघालं का माय जुना कोंडा फेकते, नवा ठेवते. काहून, ते तिलेच माहीत. मी मधात नाही पडत.”

साहेबांचे डोळे भरून आले. एवढी निष्ठा! त्यांनी दगडाचे, सुपाचे, मनिरामचेही फोटो काढले.

मनिरामची माय, केशरबाई, दाराशी बसली होती. ऐंशी कधीच ओलांडलेली. मांडीवर पणती गुड्डी. पाहुणे आल्यापासून म्हातारीने तोंड उघडलं नव्हतं.

“ही तुमची मुलगी?” साहेबांनी चहा घेऊन आलेल्या रंजूला विचारलं. रंजू मनिरामची सून.

“सध्या माही नाही,” रंजू हसली. “बाजूच्या कमलेशभाऊची हाय.”

साहेब गोंधळले, तेव्हा रीनाने रंजूला विचारून समजावलं. रंजूची आधीची दोन मुलं जगली नाहीत. म्हणून गुड्डी जन्मल्या जन्मल्या शेजाऱ्याला विकली, पसाभर कोंड्याला. परक्याचं पोर आणि तेही कोंड्याच्या मोलाचं, त्याच्याकडे मरण ढुंकून बघत नाही. पोर चालायला लागलं की कोंडा परत करायचा आणि त्याला सोडवून आणायचं. तोवर दूध आईचंच.

“आणि शेजाऱ्याने परत दिलंच नाही तर?”

रंजूला प्रश्नच कळेना. “काहून नाही देनार? रिवाज ठाऊक असते ना साऱ्यायले.”

गुड्डीला थोपटणारा केशरबाईचा हात थांबला.

“आमच्याकडे हजार वर्षांत कुणी घोडासुद्धा इतका स्वस्त विकला नसेल,” साहेब म्हणाले. रीनाने याचं मराठी करणं टाळलं.

घोड्यावरून साहेबांना आठवण झाली. त्यांनी खिशातून मखमलीची डबी काढली. “हे मुखपृष्ठावर घालणार आहे. आमच्या नॉर्मन पूर्वजाच्या घोड्याच्या साजातला मणी. आजोबा तान्हे असताना इथून निघाले, तेव्हाही त्यांच्या गळ्यात हाच होता.”

डबीत काळ्या दोऱ्यात ओवलेला शिशाचा मणी होता. मण्यावर तीन खाचा होत्या.

रीनाने मनिरामच्या मांडीवरच्या जाळ्याकडे पाहिलं. मग गुड्डीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेल्या तसल्याच मण्याकडे पाहिलं. मनिरामच्या हातातलं पातं ओट्यावर पडलं.

“कोनाच्या गळ्यातला हाय हा?” केशरबाई पहिल्यांदाच बोलली.

“यांच्या आजोबांच्या,” रीना कशीबशी म्हणाली. “ते इथेच जन्मले होते. एडमंडसाहेब वारले आणि मेमसाहेब त्यांना घेऊन विलायतेला गेली.”

केशरबाईने गुड्डीला रंजूकडे दिलं. भिंतीला धरून ती उठली आणि दगडापाशी गेली.

“माह्या आजेसासूचे पयले लेकरं जगले नाही. मरतानी तिनं हे सूप माह्या हातात देलन,” ती म्हणाली. “मने, साहेबाचा दगड सोडू नोको. तो नसला तं कोंडा कोनाले देशीन?”

तिने सूप उचललं आणि सगळा कोंडा दगडावर ओतला. मग साहेबांचं मनगट घट्ट धरलं. साहेब हसतच होते. “काय म्हणताहेत त्या?” त्यांनी विचारलं.

“घे साहेब, तुहा कोंडा,” केशरबाई दगडाला म्हणाली. “आमचा पोट्टा आमी घरी नेतो.”