दामिनीचं पान

समाजाच्या वधू-वर वेबसाइटचा कारभार दर्यापूरच्या जानरावांकडे होता, आणि त्यांचा कोणावर काडीचा विश्वास नव्हता. "इचारल्याशिवाय कोन्या पोरीचा फोटो कोनाले दिसाले नाही पायजे," असं बजावून त्यांनी प्रत्येक मुलीच्या पानाला वेगळा पासवर्ड लावून घेतला होता. स्थळाची खात्री पटली, तरच ते तो सांगत.

बघता बघता इतरांच्या पोरी उजवल्या. जानरावांच्या लेकीचा, दामिनीचा, पासवर्ड नेणारं स्थळ मात्र पुन्हा फोनच करत नसे. कोणीतरी काड्या करतंय, हा संशय त्यांना खाऊ लागला. भावकीवर घेऊन झाला, शेजाऱ्यांवर घेऊन झाला. शेवटी त्यांनी वेबसाइट बनवणाऱ्या सागरलाच घरी बोलावून फैलावर घेतलं.

सागरने लॅपटॉप उघडून पाहिलं. "काका, दामिनीचा पासवर्ड कोनीतरी बदलवला आहे. तुमच्याच कॉम्प्युटरवरून. लोकांले वाटलं असन, तुमीच चुकीचा देऊन टाळता."

जानराव ताडकन उठले. "कोनाचं काम आहे हे?"

"माहं," दाराशी उभी असलेली दामिनी म्हणाली. "इचारल्याशिवाय पोरगी दाखवाची नाही म्हनता ना, बाबा? मंग मले कोनी इचारलं?"