मधल्या सुट्टीची शिक्षा

"दार लाव, नाहीतर कुणीतरी बघेल," कप्तान म्हणाली. व्हॉलीबॉल संघाची कप्तान टिटवीशेजारी बसून डबा खाते हे वर्गाला कळलं असतं, तर नाकच कापलं गेलं असतं.

टिटवी हे नाव कप्ताननंच ठेवलेलं. ती मुलगी उत्तर द्यायला उभी राहिली, की कप्तान आणि तिच्या दोघी मैत्रिणी मागच्या बाकावरून तिच्या चिरक्या आवाजाची नक्कल करायच्या. एकदा तर तिघींनी तिला अख्खी मधली सुट्टी प्रयोगशाळेत कोंडून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी टिटवी स्वतःच निरोप घेऊन आली, बुटांकडे बघत. "विज्ञानाच्या बाईंना कळलंय. घरी सांगणार नाहीत, पण शिक्षा आहे. सहामाही परीक्षेपर्यंत रोज तुम्ही तिघींनी माझ्यासोबत प्रयोगशाळेत डबा खायचा. बाईंसमोर विषय काढू नका, फार चिडल्यात."

घरी कळण्यापेक्षा हे परवडलं. किल्ली टिटवीकडेच असायची.

सुरुवातीला नुसती चमच्यांची खुडबुड. मग एकदा टिटवीनं कप्तानचा केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

"बघा, टोकाला दोन फाटे."

"हिच्या केसालाही फाटे फोडायची खोड!" एक मैत्रीण म्हणाली, आणि चौघी हसून लोळायच्याच बाकी राहिल्या. टिटवीचं हसणं तर पार बाहेरच्या जिन्यापर्यंत गेलं. नक्कल कुणी केली नाही.

पुढे मुंगीचा पाय झाला, पावावरची बुरशी झाली. कप्तान घरून एक उकडलेलं अंडं जास्तीचं आणू लागली. "उरतं गं, खाऊन टाक," असं टिटवीकडे न बघताच म्हणायची.

आज शेवटचा दिवस. टिटवीनं काचपट्ट्या पुसून खोक्यात ठेवल्या.

"सुटलात," ती म्हणाली.

"सुटलो बाई एकदाच्या," कप्तान म्हणाली.

जिना उतरताना मात्र तिचा पाय अडखळला. उद्या काय निमित्त काढून टिटवीशेजारी बसायचं? 'मला तुझ्यासोबत बसायचंय' असं तोंडावर म्हणायला जीभ रेटत नव्हती. मैत्रिणींना पुढे पाठवून ती शिक्षकांच्या खोलीत शिरली.

"बाई, प्रयोगशाळेत तिच्यासोबत डबा खायची आमची शिक्षा... अजून वाढवाल का? वार्षिक परीक्षेपर्यंत?"

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"शिक्षा? कसली शिक्षा? ती तर म्हणाली होती, आम्हा चौघी मैत्रिणींना डबा खायला निवांत जागा हवी आहे."