ओरणाची धार

"भाभीसा, त्या बोरीच्या पलीकडून वळा," भोमसिंग तिसऱ्यांदा म्हणाला. "कुणाला कळतंय?"

सायरकंवर बोलली नाही. कळशी हातात असेपर्यंत बोलायचं नसतं. कळशी खाली टेकवायची नाही आणि धार तुटू द्यायची नाही. मातेच्या ओरणाची, म्हणजे देवीच्या नावाने राखलेल्या रानाची, हद्द गावाने अशीच जपली होती. कळशीच्या बुडाला बारीक भोक होतं. त्यातून दूध आणि गंगाजल वाळूवर पडत होतं, आणि मागून चालणाऱ्या सुना कळशी भरत होत्या. त्या रेघेच्या आत शमीची फांदी तोडायची नाही, नांगर घालायचा नाही. गाई आणि सांडण्या चरायला मात्र साऱ्या गावाच्या.

या फेरीला सुनांच्या मागे तहसीलदार होते, कंपनीचा साहेब होता आणि चुना टाकणारा एक माणूस होता. सरकारी दप्तरात ओरणाची नोंद पडीक जमीन अशी होती. सूर्यावरच्या विजेची तार त्यातून न्यायची होती. तहसीलदारांनी सकाळीच सांगितलं होतं, "कागद नाही तर चालून दाखवा. दूध पडेल तिथे चुना टाकतो. चुन्याच्या आत खांब येणार नाही. पण एक पाऊल जरी खोटं निघालं, तर सगळंच खोटं धरीन."

कंपनीचा साहेब हसला होता. "मागच्या गावात धार चहाच्या टपरीला वळसा घालून आली. यांच्या मातेला खांब दिसला की पाय फुटतात."

बोरीच्या पलीकडे भोमसिंगचं शेत होतं. बांध घालून पावसाचं पाणी अडवलेली ती खोलगट जमीन, नऊ माणसांच्या घराला तेवढी एकच. हरभरा घाट्यांवर आला होता. तार ओरण सोडून वळली, तर बरोबर त्याच्या मधोमध खांब येणार होता.

"माता दोन वर्षं आमच्या हरभऱ्यात पाहुणी राहिली, तर तिचं काय बिघडतंय?" भोमसिंग तिच्या जोडीने चालत होता. "खांब दुसरीकडे गेले की धार परत जागेवर आणू. मी काय परका आहे? तुमच्याच हातची बाजरीची राब पिऊन वाढलो. आता माझी पोरं काय वाळू चघळणार?"

ते खरं होतं. ती या घरात आली तेव्हा हा दीर सात वर्षांचा होता, आणि त्याला आई नव्हती.

बोर आली. सायरकंवर त्याच्याकडे वळली आणि तिने कळशी त्याच्यापुढे धरली.

"मी?" त्याने हात मागे घेतले. "हे काय भाभीसा? मी नाही."

ती तशीच उभी राहिली. दूध एकाच जागी पडू लागलं. अकरा दिवसांच्या एकभुक्त व्रताने हलक्या झालेल्या तिच्या हातांत कळशी कलली. धार बारीक झाली. ती तुटेल म्हणून भोमसिंगने घाईने कळशी धरली, आणि धरली त्या क्षणी त्याचं बोलणं थांबलं.

आता बोलायची मुभा तिला होती. एक शब्द पुरला असता. तिने नुसता पदर सारखा केला. व्रताचे इतके दिवस तिने ओरणासाठी मागणं मागितलं होतं. आज मागितलं ते याच्यासाठी.

भोमसिंग बोरीखाली उभा होता. त्याच्या अनवाणी पायांवर दूध गळत होतं. त्याने हरभऱ्याकडे पाहिलं. मग तो अलीकडून वळला.

सुनांनी श्वास सोडला. पण तो बांधाच्या कडेने गेला नाही. बांध ओलांडून उभ्या पिकात उतरला आणि चार हात आतून, बांधाला धरून, सरळ चालू लागला. घाटे तुडवले जात होते. मागून चुना पडत होता. सायरकंवरला आता कळलं. मागच्या फेरीनंतर बांध चार हात ओरणात सरकला होता. कुणी सरकवला, ते एकालाच ठाऊक होतं, आणि त्याला आज बोलता येत नव्हतं.

"शिरली बघा शेतात," कंपनीचा साहेब म्हणाला. "म्हटलं नव्हतं का, पाय फुटतात?"

तहसीलदार बांधावर चढले. त्यांनी चुन्याची रेघ पाहिली. चार हातांची पट्टी ओरणात गेली होती. बाकीचं सगळं हिरवं शेत बाहेर उरलं होतं, तार वळेल त्या वाटेच्या बरोबर खाली. त्यांनी नकाशा पुन्हा एकदा उलगडून पाहिला.

"बाई, हे बाहेर राहिलेलं शेत कुणाचं?"

सायरकंवरने मान ताठ केली.

"धार धरून जो चाललाय, त्याचंच."