स्थिर पाण्यातली ओढ

रियेका शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेतला हौद दुपारी आरशासारखा निश्चल होता. आमच्या कलिंगडाएवढ्या पाणबुडीला पंखे नाहीत. ती पाण्याचे फवारे मारत वळते. मी तिला जागीच थांबायचा हुकूम दिला, तरी तिचा उजवा फवारा थांबेना. कुणी उजवीकडे ओढलं, तरच स्वतःला सावरायला ती तिकडे फवारा मारते.

"वेस्ना, लेकरू बिघडलंय तुझं," माझा सहकारी दुयाम हसला. प्रवाह दिसावा म्हणून त्यानं नेहमीसारखा लाल रंग सोडला.

फवाऱ्याची लाल रेघ वीतभर गेली, तिथे दुभंगली आणि मधली जागा स्वच्छ ठेवून पुढे तरंगली.

त्या जागेला बोटं होती.

"काढ गं तिला बाहेर," दुयाम पुटपुटला.

मी पाण्यात हात घातला. फवारा लगेच थांबला.

ओढ आता माझ्या मनगटाला होती, आणि ती फार मायेची होती.