वाईट नाही

क्लॅरीने ताटलीतला रस्सा पावाने पुसून खाल्ला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “नॉट बॅड, पीट.”

पानायोटिसचा चेहरा उतरला. गावाने त्याच्या नावाचं पीट करून टाकलं, त्याचं त्याला काही नव्हतं. इंग्रजी त्याला जेमतेमच कळायचं, पण ‘बॅड’ हा शब्द चांगलाच ठाऊक होता. ऑस्ट्रेलियाला येताना बोटीवर त्याने बटाटे सोलले होते. सडका हाती लागला की आचारी ओरडायचा, “बॅड!” आणि बटाटा समुद्रात जायचा. कॅफे उघडल्यापासून मेंढ्या कातरणारे हे सगळे गडी जेवून उठताना तोच शब्द तोंडावर फेकून जात होते.

तो आत गेला. मांसाचा दुसरा तुकडा तव्यावर टाकला. ग्रीसमधल्या किथिरा बेटावरून निघताना आईने बांधून दिलेला रानओवा आता चिमूटभरच उरला होता. तोही त्याने वरून चुरला. वास सुटला, आणि क्षणभर तव्यापलीकडे आपल्या बेटाचा डोंगर उभा राहिला.

“अरे, माझं पोट भरलंय!” समोर आलेली दुसरी ताटली बघून क्लॅरी म्हणाला. तरी त्याने खाल्लं. सगळं खाल्लं. “अजिबात वाईट नाही रे.”

पानायोटिसने कमरेचा ॲप्रन सोडला. “बेरिल, दार लाव. मी परत जातो, माझ्या बेटावर.”

कॅफेत जेवण वाढणारी बेरिल खो खो हसत सुटली. “अहो पीट, स्वतःच्या लग्नात नवरीच्या तोंडावरची जाळी वर करून हा क्लॅरी काय म्हणाला, माहितेय? ‘नॉट बॅड’! अजून नांदतेय ती बिचारी.”

“मग काय, दवंडी पिटायची होती?” क्लॅरीचे कान लाल झाले.

“आणि खरंच वाईट असलं, तर काय म्हणता?” पानायोटिसने विचारलं.

“‘छान होतं, आभारी आहे’ म्हणायचं, आणि तिथे पुन्हा पाऊल टाकायचं नाही,” क्लॅरी म्हणाला.

पानायोटिस खुर्ची ओढून खाली बसला. त्याला बाप आठवला. निघताना धक्क्यावर मिठी नाही, आशीर्वाद नाही. “बोट बरी दिसतेय,” एवढंच म्हातारा बोलला होता. सबंध प्रवासभर त्या वाक्याचा राग त्याने मनात धरला होता. पण बोट लांब जाईपर्यंत बाप टोपी हातात घेऊन तिथेच उभा होता, हेही त्याने डेकवरून पाहिलं होतं.

त्याने मनगटाने डोळे पुसले.

क्लॅरी घाईघाईने खिडकीबाहेर बघू लागला. “धुरळा फार आहे आज,” तो म्हणाला.