सुनीतीबाईंचे गुडघे

मंडईच्या वाटेवर सुनीतीबाई चौथ्यांदा थांबल्या आणि गुडघा धरून म्हणाल्या, "जरा टेकू या हो." यज्ञेश्वररावांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मनातून त्यांनी बायकोच्या गुडघ्यांचे आभारच मानले. त्यांच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. हल्ली दोनशे पावलं झाली की त्यांत गोळे येत, दोन मिनिटं उभं राहिलं की जात. शिवाय निघताना जाऊन आले होते तरी लघवीची पुन्हा घाई झाली होती. बाई थांबल्याही नेमक्या मुतारीच्या अलीकडे. "बस तू, आलोच," म्हणून ते सटकले.

सहा वर्षं हे असंच चाललं होतं. लग्न असो, मुंज असो, "हिचे गुडघे" म्हटलं की ते मोकळे. घराबाहेर पडायचं तर आदल्या तासाभरात पाण्याचा घोट घ्यायचा नाही, नाटकाला गेलंच तर कडेची खुर्ची धरायची. या सगळ्याचा त्यांना आता वीट आला होता. पण सांगायचं कुणाला? महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसानं असल्या तक्रारी घेऊन कुठे जायचं? वय झालं, दुसरं काय, असं ते स्वतःलाच समजावत.

अशात कोल्हापूरहून निरोप आला. बाईंची धाकटी बहीण कुसुम अंथरुणाला खिळली होती आणि फार दिवसांची सोबतीण नव्हती. बाईंना तिला एकदा डोळे भरून पाहायचं होतं, आणि यांना एकटं टाकून त्या जाणार नव्हत्या. पाच-सहा तासांची एसटी! यज्ञेश्वररावांनी घाईघाईनं गुडघ्यांचा विषय काढला. बाई म्हणाल्या, मग उद्याच डॉक्टरांना दाखवू. गुडघे बरे झाले तर आपलं कसं होणार, या काळजीत बिचाऱ्यांचा दिवस गेला.

डॉ. दीनानाथ घरचेच डॉक्टर. त्यांनी दोन्ही गुडघे दाबले, वाकवले, बाईंना दारापर्यंत चालायला लावलं. बाई तरातरा जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांना काहीही झालेलं नाही.

"ठाऊक आहे मला," सुनीतीबाई म्हणाल्या. "आता यांना तपासा."

मग बाईंनीच थकल्या आवाजात सगळं सांगितलं. दोनशे पावलं, पोटऱ्या, तासातासाची घाई, न प्यालेलं पाणी. यज्ञेश्वरराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी त्यांना आडवं केलं, पावलांवर बोटं ठेवून नाडी शोधली, मग जांघेत शोधली. सिगारेटी किती ओढत होता, तेही विचारलं. पोटातून पायांकडे जाणारी रक्तवाहिनी चोंदलेली दिसते, ते म्हणाले. मूत्राशयालाही तिच्याच फांद्यांतून रक्त जातं. ते कमी पडलं की त्यानंही चिडचिड करावी, यात नवल नाही. तपासण्या या आठवड्यातच करायच्या, आणखी हयगय केली तर पाय गमवावा लागेल.

यज्ञेश्वरराव सुन्न झाले. एका गल्लीतल्या दोन घरांची तक्रार आली की नळांना हात न लावता थेट मोठी लाईन खणायला लावणारे ते. स्वतःच्या दोन तक्रारी मात्र त्यांनी सहा वर्षं वेगवेगळ्या लपवून ठेवल्या होत्या. त्यांना लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

डॉक्टर बाईंवरच उखडले. "सहा वर्षं बघत होतात, वहिनी? मग आधी का नाही बोललात?"

सुनीतीबाई खुर्चीत टेकल्या. "कशी बोलणार? यांनी मला अजून काही सांगितलेलंच नाही."