बिवलकरांच्या झोपडीकडे येऊ नये

पाणी मागायला आलेल्या माणसाला मुकुंदराव बिवलकरांनी दारातली पाटी वाचायला लावली. पाटीवर लिहिलं होतं : 'पाणी मिळणार नाही. झरा डावीकडे आहे. राहणीचं कौतुक करू नये.' माणसाने ती निवांत वाचली, मान डोलावली आणि विचारलं, "एकटेच राहता का हो?"

मुकुंदरावांचं टाळकं सडकलं. खडकवासल्याच्या पार मागे, शेवटची एसटी वळते तिथून दोन तास डोंगर चढून आलेल्या माणसाला हाच प्रश्न सुचावा? त्यांनी त्याच्या सात पिढ्यांच्या अकलेचा उद्धार केला. तो मात्र हसत हसत उतरून गेला.

सदाशिव पेठेतलं बिऱ्हाड मोडून ते इथे आले होते ते माणसांना विटूनच. कारवीच्या कुडाची झोपडी त्यांनी स्वतः उभी केली. नाचणी स्वतःची, वाल स्वतःचे, शेंगा स्वतःच्या. चार कोंबड्या, एक चूल आणि दिव्यापुरतं सोलर. मीठ आणि काडेपेटी सोडली तर त्यांचं कोणावाचून काही अडत नव्हतं.

निघताना मुलगी वल्लरी खूप भांडली होती. त्याआधी एकदा ते चक्कर येऊन जिन्यात कोसळले होते आणि शेजारी धावले म्हणून वाचले होते. रानात पडलात तर कोणाला कळणारसुद्धा नाही, असं ती रडत म्हणाली. मुकुंदरावांनी तिला बजावलं, "घरचं कोणी तिकडे फिरकलं, तर मी आणखी आत जाईन. मग बसा शोधत." फोन त्यांनी तिच्याच टेबलावर ठेवला आणि चालू लागले.

वल्लरी खरंच फिरकली नाही. हे त्यांना जास्तच झोंबलं. लहानपणापासून बापाचं एक ऐकलं नाही या मुलीने, आणि येऊ नको म्हटलं ते मात्र लगेच ऐकलं. सुटली एकदाची, असं ते कोंबड्यांना ऐकवत.

पोटची पोरगी येत नव्हती आणि उपटसुंभ मात्र रोज हजर. आधी वाटलं, वाट चुकलेले असतील. पण दिवाळीनंतर रीघच लागली. आज एक, उद्या दुसरा. येणारा प्रत्येक जण एकटा आणि प्रत्येकाचं काहीतरी खूळ. एका बाईने चष्मा विसरले असं सांगून पाटी त्यांच्याकडूनच वाचून घेतली. एक जण झरा सापडत नाही म्हणत त्यांना चढावरून घेऊन गेला आणि झरा सोडून त्यांच्याकडेच टक लावून बघत बसला. एका जाड्या गृहस्थाने हात बघतो म्हणून मनगट धरलं, ते सोडेचना. आयुष्यरेषा तळव्यावर असते, मनगटावर नाही, असं मुकुंदरावांनी त्याला सुनावलं. त्यावर तो म्हणे, झकास आहे तुमची रेषा. काय बोलणार असल्या माणसापुढे?

त्यांनी पाट्या वाढवल्या. पाटी जितकी झोंबरी, तितका येणारा खूश.

एका सकाळी चूल फुंकता फुंकता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ही माणसं झोपडी बघायला येतच नव्हती. ती चिडका म्हातारा बघायला येत होती. पुण्यात कोणीतरी सांगत असणार, जा, फुकटात शिव्या घालतो, मजा येते. उभा जन्म पेठेत काढून हे आपल्याला इतक्या उशिरा कळावं, याचा त्यांना स्वतःचाच संताप आला. तमाशा बंद केला की बघे आपापल्या घरी जातात. त्यांनी सगळ्या पाट्या उतरवल्या आणि चुलीत घातल्या.

दुपारी एक मुलगी आली. मेहनाज असं नाव सांगून तिने पाठीवरची बॅग उतरवली आणि मुद्दाम केल्यासारखा थेट वालाच्या वाफ्यात पाय दिला. मुकुंदरावांची कानशिलं तापली. जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं.

"आपण दमला असाल," ते म्हणाले. "बसा."

त्यांनी तिला पाट दिला, पाणी दिलं, भाजलेल्या शेंगा पुढे केल्या. एकटेच राहता का, असं तिने विचारलं. हो म्हणाले. कंटाळा येत नाही का? अधूनमधून येतो म्हणाले. मग ती म्हणाली, झोपडी अगदी रिसॉर्टसारखी आहे. हा घाव वर्मी बसला, तरी मुकुंदरावांनी हसून तिचे आभार मानले.

मुलीचा चेहरा उतरला. शेंगा तशाच टाकून ती उठली आणि तुम्हाला बरं वाटतंय ना, असं दोनदा विचारलं. मुकुंदरावांनी उत्तम वाटतंय असं सांगितलं, वर पुन्हा अवश्य यावं असंही म्हटलं. ती जवळजवळ पळतच सुटली. कशी जिरवली, असं ते कोंबड्यांना म्हणाले. कितीतरी महिन्यांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

मेहनाज ठेचकाळत खिंडीपर्यंत आली. तिथे फोनला रेंज मिळायची. धापा टाकतच तिने नंबर लावला.

"वल्लरी, डॉक्टरांना घेऊन आत्ताच्या आत्ता नीघ. बाबा आज माझ्याशी गोड बोलले."